बुडाचा शिक्का नंतर, आधी कुंचला: चेक लोकशैलीची रंगवलेली मातीची भांडी जमवताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. तुमचे सासरे अभियंते होते आणि १९६० च्या दशकात प्रशिक्षणासाठी चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोला जाऊन आले होते. ठाण्याच्या घरातलं कपाट आवरताना तुम्हाला दोन वस्तू सापडल्या: फुगीर पोटाचा, एका कानाचा, पांढऱ्या झिलईवर ट्यूलिप आणि पक्षी रंगवलेला जग, आणि भिंतीवर टांगायची फुलांची ताटली. ताटलीच्या बुडावर इंग्रजीत ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ असा छापील शिक्का आहे. जगाच्या बुडावर शिक्का नाही, नुसती कुंचल्याने ओढलेली काही अक्षरं आणि एक आकडा आहे. जुन्या वस्तूंच्या एका दुकानदाराने जग ‘हाबान’ म्हणजे तीनशे वर्षांचा असल्याचं सांगितलं आणि ताटली शिक्क्यामुळे अस्सल ठरवली. वस्तू किती जुन्या, खरंच हाताने रंगवलेल्या आहेत का, आणि अशी भांडी पुढे जमवायची तर सुरुवात कुठून करायची, हे तुम्हाला हवं आहे.

मी २२ वर्षं ब्रनोत राहिले. तिथे ही भांडी जमवायला लागले, पुढे फुटलेली भांडी सांधायला शिकले, आणि आज माझ्या घरात दीडशेच्या वर नग आहेत. तुमचे फोटो पाहून सांगते: जग तीनशे वर्षांचा नाही, साठ-सत्तर वर्षांचा असेल. बुडावरची अक्षरं ‘तुपेसी’ अशी आहेत आणि ते मोरावियातल्या, म्हणजे चेक देशाच्या पूर्वेकडच्या भागातल्या, एका गावाचं नाव आहे. ताटलीवरच्या बाह्यरेषा छापील आहेत, रंग तेवढा हाताने भरलेला आहे. म्हणजे दुकानदाराने जे सांगितलं ते दोन्हीकडे उलटं निघालं. पण मन खट्टू करून घेऊ नका. तुमचा जग फार सुंदर आहे. तो कुणी फुकट दिला तर मी बसने जाऊन घेऊन येईन.

अशा वस्तू मराठी घरांत निघणं नवलाचं नाही. रांचीचा फाउंड्री-फोर्ज कारखाना, तिरुचिरापल्लीचा बॉयलरचा कारखाना, हैदराबादजवळचा जड वीजसामग्रीचा कारखाना, हे सगळे चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने उभे राहिले. त्या निमित्ताने आपल्याकडचे कितीतरी तरुण अभियंते तिकडे गेले. निघताना यजमान हाती द्यायचे ते एक तर काचेचं असायचं, नाही तर असं रंगवलेलं मातीचं. काच घरोघरी जपली गेली, कारण ती चमकते. मातीची भांडी कपाटाच्या मागच्या खणात गेली.

आता मुख्य मुद्दा. ही भांडी जमवणारा नवखा माणूस वस्तू हातात घेतल्याबरोबर उलटी करतो आणि बुडाचा शिक्का शोधतो. मीही पहिली दोन वर्षं तेच केलं आणि त्यापायी बरेच पैसे घालवले. शिक्का वस्तू कुठल्या बाजारासाठी बनली ते सांगतो. ती कुणाच्या हातची आणि कुठल्या गावची, हे कुंचल्याच्या फटकाऱ्यांवरून कळतं. आधी चित्र बघायचं, मग कान आणि काठ, आणि बूड सगळ्यात शेवटी.

कुंचला वाचायचा म्हणजे काय? तुम्ही दारात रांगोळी काढत असाल तर तुमचा डोळा आधीच तयार आहे. छापाची रांगोळी आणि चिमटीतून सोडलेली रांगोळी आपल्याला लांबूनही वेगळी दिसते. छापाची रेष सगळीकडे सारख्या जाडीची असते. चिमटीची रेष जिथे बोट टेकलं तिथे भरते, वळणावर बारीक होते आणि सुटताना विरते. कुंचल्याचंही तसंच. पाकळी एका दाबात काढलेली असते: टेकताना रुंद, उचलताना निमुळती, आणि जिथे कुंचला उचलला तिथे रंगाचा एक गडद ठिपका साचलेला. एका फटकाऱ्यावर दुसरा चढला की तेवढी जागा गडद दिसते. आता एकाच जगावरची दोन ट्यूलिप शेजारी शेजारी धरून बघा. हाताची असतील तर ती सख्ख्या बहिणींसारखी दिसतील, जुळ्यांसारखी नाही. काठाच्या निळ्या पट्टीवर बोट फिरवत जा. भांडं फिरत्या चाकावर ठेवून कुंचला स्थिर धरून ती पट्टी काढतात. त्यामुळे सुरुवात आणि शेवट जिथे भेटतात तिथे एक छोटासा जोड, थोडा चढलेला रंग सापडतो. तुमच्या जगावर तो कानाच्या मागच्या बाजूला आहे. चांगली रंगवणारी बाई तो जोड तिथेच लपवते.

मग सोनाराकडे असतं तसलं दहापटीचं भिंग घ्या. रंग बारीक बारीक ठिपक्यांच्या जाळीने बनलेला दिसला तर ते चित्र छापील कागदावरून उतरवलेलं आहे. ठिपके नाहीत, पण बाह्यरेषा सगळीकडे केसाइतकी सारखी आहे आणि रंग रेषेबाहेर जरासा सांडलाय, तर रेषा छापलेली आणि रंग हाताने भरलेला. तुमच्या ताटलीचं असंच आहे. अशा भांड्यावर ‘हाताने रंगवलेलं’ असं लिहिणं खोटं ठरत नाही, म्हणूनच त्या शब्दांवर विसंबू नका. तुमची ताटली ठेवा, ती सासऱ्यांची आठवण आहे. पण पुढे विकत घेताना अशी वस्तू संग्रहात धरू नका.

हे फटकारे इतके ठाम का असतात, त्याचं कारण करण्याच्या पद्धतीत आहे आणि ते एकदा समजलं की डोळा फार लवकर तयार होतो. मोरावियातली रंगीत भांडी बहुतेक ‘फायान्स’ जातीची आहेत. साध्या मातीचं भांडं चाकावर काढून वाळवतात, एकदा भाजतात, आणि मग शिसं व कथील असलेल्या पांढऱ्या झिलईच्या घोळात बुडवून काढतात. झिलई सुकली की भांड्यावर पिठासारखा पांढरा थर बसतो. चित्र या कच्च्या थरावर काढायचं असतं. तो थर टिपकागदासारखा रंग तत्काळ शोषतो. चुकलं तर पुसता येत नाही, हात थबकला तर तिथे डाग पडतो. त्यानंतरच्या भाजणीत झिलई वितळते आणि रंग तिच्यात मुरतो. म्हणजे रंग झिलईच्या वर बसलेला नसतो, तो तिच्यात उतरलेला असतो. नखाने चाचपलं तर चित्राची कड जाणवू नये. जाणवली, किंवा रंग खरवडून निघाला, तर तो भाजणीनंतर वरून लावलेला आहे.

एवढा ताव सोसणारे रंग पूर्वी मोजकेच होते: कोबाल्टचा निळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा आणि मँगनीजचा जांभळट तपकिरी. जुन्या मोरावियन भांड्यांतली बाह्यरेषा बहुतेक या मँगनीजची असते. तो जरा वांग्याच्या सालीसारखा दिसतो. हिरवा आणि निळा झिलईत थोडे पसरतात, पिवळा जागेवर राहतो. यात भडक लाल कुठेच नाही. म्हणून अठराव्या शतकातला म्हणून दाखवलेल्या जगावर कुंकवासारखा लाल किंवा झेंडूसारखा नारिंगी रंग झळकत असेल तर तिथेच थांबा. तसे भडक लाल-नारिंगी रंग विसाव्या शतकातल्या भांड्यांवर येतात. तुमच्या जगावर पक्ष्याच्या छातीवर एक लालसर ठिपका आहे. दुकानदाराची तीनशे वर्षं त्या एका ठिपक्याने खोडून काढली.

आता हाबानांविषयी, कारण हा शब्द तुम्हाला वारंवार ऐकू येणार आहे. सोळाव्या शतकात स्वित्झर्लंड, टिरोल, दक्षिण जर्मनी इकडून छळामुळे पळालेले अ‍ॅनाबॅप्टिस्ट पंथाचे लोक दक्षिण मोरावियात आले. बाप्तिस्मा समजत्या वयातच घ्यावा, शस्त्र धरू नये, मालमत्ता सगळ्यांची सामाईक असावी, असं मानणारे हे लोक म्हणजेच हाबान. १५२६ मध्ये मिकुलोव्हच्या जमीनदारांनी त्यांना आसरा दिला. ते मोठमोठ्या सामाईक घरांत राहत आणि सुरीपासून घड्याळापर्यंत सगळं बनवत. इटलीतल्या फाएन्झा गावाच्या पांढऱ्या झिलईची विद्या त्यांच्याकडे आली. ‘फायान्स’ हे नावच त्या गावावरून पडलेलं आहे. वर्ष घातलेलं त्यांचं सगळ्यात जुनं भांडं १५९३ सालचं आहे. पंथाच्या नियमांत कुंभारांना माणसांची आणि प्राण्यांची चित्रं काढायला बंदी होती. म्हणून खऱ्या जुन्या हाबान भांड्यावर बरीचशी मोकळी पांढरी जागा, अंगावर एखाद-दुसरी फांदी, ट्यूलिप, कार्नेशन, डाळिंब, आणि मालकाच्या नावाची आद्याक्षरं व साल, एवढंच असतं. तो पांढरा मोकळेपणा बघून मला पहिल्यांदा धक्का बसला होता. आपल्या डोळ्याला लोककला म्हटलं की गच्च भरलेली लागते.

१६२० मध्ये बिला होराच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट सरदारांचा पाडाव झाला आणि १६२२ मध्ये या लोकांना मोरावियातून हाकलून दिलं. ते आजच्या पश्चिम स्लोव्हाकियात आणि ट्रान्सिल्व्हानियात गेले. पुढच्या शे-दीडशे वर्षांत त्यांचा पंथ क्षीण झाला, अनेकांनी कॅथलिक धर्म घेतला, आणि त्यांची विद्या आसपासच्या गावच्या कुंभारांकडे झिरपली. बंदी गेली तसे भांड्यांवर पक्षी आले, कोंबडे आले, नांगर धरलेला शेतकरी आला, गावोगावचे संत आले. याच सुमाराला, १७४३ मध्ये, ऑस्ट्रियाची महाराणी मारिया तेरेसा हिच्या नवऱ्याने स्लोव्हाकियातल्या होलीच इथे फायान्सचा कारखाना काढला आणि तिथल्या दरबारी थाटाचीही छाया गावठी भांड्यांवर पडली. तुमच्या जगावर पक्षी आहे. नुसत्या त्या पक्ष्यावरूनही तो जुन्या नियमांतला हाबान नाही हे ठरतं. सतराव्या शतकातलं खरं हाबान भांडं कपाटाच्या मागच्या खणात सापडत नाही. ते संग्रहालयात असतं, नाही तर मोठ्या लिलावात येतं, आणि त्याची किंमत आपल्यासारख्यांच्या आवाक्यात नसते. दुकानात ‘हाबान’ म्हणून दाखवलं जाणारं बहुतेक नंतरच्या काळात त्या वळणाने केलेलं काम असतं.

ते वळण गिरवणाऱ्यांत मोठी माणसं होऊन गेली, हेही सांगायला हवं. स्ट्राझ्नित्से गावचे हेर्मान लांड्सफेल्ड स्वतः कुंभारकाम करायचे आणि हाबानांच्या जुन्या भट्ट्यांजवळचे फुटक्या भांड्यांचे खड्डे उकरून खापरं गोळा करायचे. आपण आज हाबानांबद्दल जे नेमकेपणाने बोलू शकतो त्यातलं बरंच त्या खापरांमुळे. स्लोव्हाकियातल्या स्तुपावाचे फेर्डिश कोस्तका यांनी याच पांढऱ्या झिलईत गावातली माणसं, कामकरी, बायाबापड्या घडवल्या. यांच्या हातचं काही मिळालं तर ते नक्कल म्हणून हलकं लेखू नका.

आता गावं. ‘चेक लोककला’ हे लेबल फार ढिलं आहे. त्याखाली निदान चार वेगळ्या गोष्टी विकल्या जातात आणि त्यांत गल्लत झाली की संग्रहाला रूप येत नाही.

तुपेसीवर माझा जीव आहे, म्हणून तिथून सुरुवात करते. ब्रनोहून गाडीने साधारण तासाभरावर, उहेर्स्के ह्राडिश्त्ये शहराजवळचं हे खेडं. हा सगळा मुलूख स्लोवात्स्को म्हणून ओळखला जातो: द्राक्षमळे, भरतकामाने लदलेले पोशाख, आणि दाराभोवती निळ्या-लाल फुलांची वेलबुट्टी रंगवलेली घरं. ती वेलबुट्टी गावातल्या बायका आराखडा न काढता थेट भिंतीवर रंगवायच्या. त्यांना तिथे ‘मालेरेच्की’ म्हणतात. तुपेसीच्या भांड्यांवरचं फूल त्या भिंतींच्या नात्यातलं आहे. एक मोठं फूल मध्ये, त्याच्या दोन्ही बाजूंना छोटी, आणि मधल्या फटींत स्वल्पविरामासारखे बारीक फटकारे. हे स्वल्पविराम बघायला विसरू नका. फूल कुणीही गिरवू शकतं, पण हे भरणीचे फटकारे प्रत्येक बाईचे आपापले असतात, एखाद्याची सही ओळखावी तसे ते ओळखता येतात. माझ्याकडे एकाच हाताच्या अकरा ताटल्या आहेत. त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही, पण तिचे स्वल्पविराम डावीकडे झुकतात. गावात या भांड्यांचं छोटंसं संग्रहालय आहे. कुणी त्या बाजूला गेलंच तर तिथे अर्धा दिवस काढा.

दुसरं खोड्स्को, म्हणजे पश्चिमेला बव्हेरियाच्या सीमेवरचा दोमाझ्लित्से आणि क्लेन्चीचा भाग. जुन्या काळी राजाच्या वतीने सीमेची राखण करणाऱ्या खोड लोकांचा हा मुलूख. इथल्या भांड्यांवर शेतातली फुलं असतात, म्हणजे खसखशीचं लाल फूल, निळं कॉर्नफ्लॉवर, डेझी, गव्हाची ओंबी. अंगाचा रंग कधी दुधी, कधी काळा. विसाव्या शतकात पर्यटकांसाठी ही भांडी पुष्कळ बनली, त्यामुळे ती सहज आणि स्वस्त मिळतात. काळ्या अंगावरची चांगली रंगवलेली निवडून घ्या, दुधीतली घाईने रंगवलेली सोडा.

तिसरं म्हणजे मातीच्या पातळ घोळाने काढलेली नक्षी. लाल मातीच्या ताटावर ‘कुकाच्का’ नावाच्या लहानशा भांड्यातून, पिसाच्या नळीने घोळ सोडत जातात. केकवर आयसिंग सोडतात तशी रेष उठून दिसते. ब्रनोच्या उत्तरेचं कुन्श्टाट हे कुंभारांचं जुनं ठाणं, तिथे दर सप्टेंबरात कुंभारांची जत्रा भरते. यात कुंचला नाही म्हणून काही संग्राहक नाक मुरडतात. मला ते पटत नाही. कुकाच्कातून सुटणारा घोळ थांबवता येत नाही, त्यामुळे हात तितकाच पक्का लागतो.

चौथं, आणि परदेशातल्या दुकानांत सगळ्यात जास्त दिसणारं, ते म्हणजे दोन महायुद्धांमधल्या काळातलं निर्यातीचं काम. न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या योझेफ म्राझेक यांनी मोरावियात लेतोवित्से इथे कारखाना काढला आणि जाड रेषांची, झगझगीत रंगांची फुलं-पक्षी रंगवलेली भांडी अमेरिकेत विकली. टेप्लित्सेच्या डिटमार-उर्बाख कारखान्याची भांडी ‘एर्फिला’ शिक्क्याने अमेरिकेत गेली. ‘एर्फिला’ हे फिलाडेल्फियाच्या एबेलिंग अँड रॉइस या आयातदारांच्या नावाचं लघुरूप. ही साच्यातली भांडी आहेत, वर रंग हाताचा. अमेरिकेत त्यांचे वेडे चाहते आहेत आणि भाव चढे असतात. तुमचे नातेवाईक न्यू जर्सीत असतील तर तिथल्या घरगुती विक्रीत त्यांना डोळे उघडे ठेवायला सांगा.

स्लोव्हाकियातल्या मोद्राची माजोलिका, म्हणजे अशीच पांढऱ्या झिलईवर रंगवलेली भांडी, यांत पाचवी म्हणून घुसते. तिथली कार्यशाळा १८८३ पासूनची आहे आणि काम देखणं आहे, पण ते चेक नाही. १९९३ पर्यंत देश एकच होता म्हणून विक्रेते सगळं ‘चेक’ म्हणून खपवतात. घ्या जरूर, फक्त नोंदवहीत ‘स्लोव्हाक’ लिहा.

एवढं पाहून झालं की मग भांडं उलटं करा. १९१८ च्या ऑक्टोबरात चेकोस्लोव्हाकिया हा देश जन्माला आला आणि १९९२ च्या ३१ डिसेंबरला संपला. १९१८ आधीच्या वस्तूंवर ‘ऑस्ट्रिया’ किंवा ‘बोहेमिया’ (चेक देशाचा पश्चिमेकडचा भाग) दिसतं, १९९२ नंतरच्यांवर ‘चेक रिपब्लिक’. ‘चेको-स्लोव्हाकिया’ असं मध्ये जोडरेघ असलेलं नाव दिसलं की विक्रेते ते १९३८-३९ चं म्हणून सांगतात, कारण तेव्हा ते नाव अधिकृतपणे जोडरेघेने लिहिलं जाई. पण अगदी सुरुवातीच्या वर्षांतही तसं लिहीत असत, म्हणून एकट्या रेघेवर जाऊ नका. ‘ČSSR’ म्हणजे चेकोस्लोव्हाक समाजवादी प्रजासत्ताक अशी अक्षरं असतील तर वस्तू १९६० ते १९९० मधली.

इंग्रजीतला शिक्का का असतो? अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. म्हणजे ‘मेड इन चेकोस्लोव्हाकिया’ हा परदेशी पाठवायच्या मालाचा शिक्का. उहेर्स्के ह्राडिश्त्येच्या बाजारात शेजारणीला विकायच्या जगावर तो कशाला मारतील? गावात वापरायला केलेली उत्तमोत्तम भांडी बिनशिक्क्याची असतात, फार तर कुंचल्याने गावाचं नाव, रंगवणारीचं आद्याक्षर आणि आकाराचा क्रमांक. तुमच्या दुकानदाराला बुडावर छाप दिसला नाही म्हणून त्याने जग जुनापुराणा ठरवला. वास्तविक तो छाप नसणं एवढंच सांगतं की जग घरच्या बाजारासाठी होता. तुमच्या सासऱ्यांनी तो विमानतळावर घेतला नसणार, कुणी तरी आपल्या स्वयंपाकघराच्या फळीवरून काढून दिला असेल किंवा हस्तकलेच्या दुकानातून मुद्दाम आणला असेल. १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने लोककला आणि हस्तव्यवसायांसाठी एक मध्यवर्ती संस्था उभी केली होती. ‘क्रास्ना यिझ्बा’ या तिच्या दुकानांत खेड्यांतलं निवडक काम मिळायचं, आणि त्या काळचा पाहुणचार बहुधा तिथूनच व्हायचा.

भांडं उलटं आहे तोवर आणखी चार गोष्टी बघा. चाकावरून तारेने कापल्याच्या कमानदार रेषा दिसल्या तर भांडं चाकावर घडलेलं आहे. साच्याची शिवण अंगावर उभी उतरत असेल तर ते ओतीव आहे. झिलईत तीन बारीक टोचे असतील तर ते भट्टीत ठेवायच्या तीन टोकांच्या टेकूचे, आणि तो दोष नव्हे. ताटलीच्या मागच्या कड्याला भोक असेल तर ती मुळातच भिंतीवर टांगायची म्हणून केलेली आहे.

विकत घेण्याविषयी थोडं. माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवून घेतो, तसंच इथेही करा. फायान्सचा आवाज पोर्सेलीनसारखा लांब घुमत नाही, पण तो स्वच्छ यायला हवा. खरखरीत, बसका आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, बहुतेक कानाच्या मुळाशी. काठाची झिलई उडून टवके गेलेले असणं या जातीला स्वाभाविक आहे, त्यासाठी चांगला जग सोडू नका. झिलईवरच्या केसासारख्या तड्यांनाही घाबरू नका. मात्र वरून रंग चढवून केलेली दुरुस्ती टाळा. अतिनील प्रकाशाच्या छोट्या बॅटरीखाली असा नवा रंग वेगळाच उजळतो. ही बॅटरी मी पहिल्याच वर्षी घ्यायला हवी होती. एका विक्रेत्याकडून मी १८२७ साल रंगवलेला जग घेतला, घरी आणून कोमट पाण्याने पुसला आणि ‘१८’ फडक्यावर उतरलं. तो जग अजून माझ्याकडे आहे, पाहुण्यांना दाखवायला नाही, नव्या संग्राहकांना शिकवायला.

प्रागमध्ये कोल्बेनोवाचा जुना बाजार आणि प्रागबाहेर बुश्त्येह्राडचा संग्राहकांचा बाजार, ही दोन्ही ठिकाणं पहाटे गाठायची. इथे बसून बघायचं तर औक्रो ही चेक लिलावाची साइट आहे. शोध चेक भाषेत आणि रोमन लिपीत टाका. ‘तुपेस्का केरामिका’, ‘खोड्स्का केरामिका’, ‘ज्बान’ म्हणजे जग, ‘तालीर्झ’ म्हणजे ताटली. इंग्रजीत शोधलंत तर तेच भांडं दुप्पट भावाने दिसतं. तिथून जुनी वस्तू मागवताना विक्रेत्याला निर्यातीच्या दाखल्याबद्दल विचारा. सांस्कृतिक मूल्याच्या वस्तू देशाबाहेर नेण्यासाठी तिथे १९९४ चा ७१ क्रमांकाचा कायदा आहे. साध्या विसाव्या शतकातल्या ताटलीला सहसा अडचण येत नाही, पण शंभरी गाठलेल्या जगाला कागद लागू शकतो. मुंबईत चोरबाजारात अधूनमधून नग निघतात. तिथे ‘इंग्लिश’ म्हणून ठेवलेल्या भांड्यांत शोधा.

पहिल्या वर्षी पाचच नग घ्या आणि सगळे एकाच गावचे घ्या. पाच तुपेसी शेजारी शेजारी फळीवर लावलेत की सहा महिन्यांत तुमचा डोळा माझ्यापेक्षा पुढे जाईल. पाच ठिकाणचे पाच घेतलेत तर नुसती शोभा होईल.

आणि आता जपणूक, कारण ठाण्याचा पावसाळा ब्रनोत नसतो. झिलईखालची माती सच्छिद्र असते. जिथे टवका उडालाय तिथून ती दमट हवा पिते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकू नका, आत बुरशी धरते. उघड्या फळीवर, भिंतीपासून बोटभर अंतर सोडून ठेवा. ताटली टांगायला साधी लोखंडी स्प्रिंग वापरू नका. ती आपल्या हवेत गंजते, गंजाचा डाग तड्यांत शिरतो आणि तो कायमचा बसतो. वरून आवरण असलेली घ्या. धुताना पाण्यात बुडवून ठेवायचं नाही, ओल्या मऊ फडक्याने पुसायचं आणि उन्हाच्या झळीत नव्हे तर पंख्याखाली दोन दिवस वाळवायचं. ब्लीच तर अजिबात नको.

यात खायला वाढू नका, हे मी हात जोडून सांगते. झिलईत शिसं आहे. दही, लोणचं, कोकम सरबत, चिंचेचं सार, यातलं आंबट ते शिसं ओढून काढतं. शिवाय हळद त्या केसाएवढ्या तड्यांत गेली की पांढरा जग पिवळा होतो. १९२०-३० च्या दशकांतल्या भडक नारिंगी झिलईत कधी कधी युरेनियमची संयुगंही असत. अशी भांडी फळीवर शोभतात, ताटाशी नाही. जगात फुलं ठेवायची हौस असेल तर आत काचेचा ग्लास ठेवून त्यात ठेवा.

तुमच्या जगाच्या कानाच्या वरच्या टोकाशी फोटोत एक पिवळट रेष दिसते आहे. ती जुन्या डिंकाची असावी. कुणीतरी तो कान एकदा चिकटवला आहे. म्हणून तो जग कानाला धरून उचलू नका, एक हात बुडाखाली आणि एक पोटाला लावून उचला. त्यावर झटपट चिकटणारा गोंद वरून ओतू नका, तो नंतर मातीसकट निघतो. दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कानाच्या आतल्या बाजूचा आणि बुडावरच्या आकड्याचा असे दोन फोटो पाठवा. आकड्याच्या शेपटीचं वळण मला नीट बघायचं आहे. माझ्या त्या अकरा ताटल्यांवरचे सातचे आकडेही तसेच डावीकडे झुकलेले आहेत.